एमएसडब्ल्यू करायचंय? अर्ज भरण्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

पदवीचे निकाल लागले की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला मुलीचा किंवा मुलाचा : "ताई, समाजसेवेची खूप आवड आहे, एमएसडब्ल्यू करू का?" म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. दुसरा दोन दिवसांनी त्याच घरातून, बहुतेकदा वडिलांचा : "मॅडम, यात नोकरी लागते का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांनाही मी एकच सांगते. या शिक्षणातलं सगळं काही फील्डवर्कवर, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामावर, ठरतं. कॉलेज कोणतं घ्यायचं, विशेषीकरण कोणतं निवडायचं, मुलाखतीत काय सांगायचं, पुढे टिकायचं कसं, हे सारं त्या दोन वर्षांतल्या आठवड्याच्या दोन दिवसांत ठरून जातं. मी रुग्णालयात सोशल वर्कर आहे आणि बरीच वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांचे विद्यार्थी माझ्याकडे फील्डवर्कला येतात. त्यांच्याकडे पाहून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आवड आहे म्हणजे नेमकं काय आहे?

पुराच्या वेळी कपडे गोळा केले, गणेश मंडळातून रक्तदान शिबिर घेतलं, अनाथाश्रमात वाढदिवस साजरा केला, ही समाजसेवा झाली. ती चांगलीच आहे, पण समाजकार्य हा वेगळा प्रकार आहे. एक उदाहरण देते. नवऱ्याने सोडलेली एक बाई दोन मुलांना घेऊन माहेरी राहते. तिला घरात धान्य हवंय. समाजसेवा तिला दहा किलो तांदूळ देईल. समाजकार्य विचारेल की तिला रेशन का मिळत नाही? मग कळतं की तिचं नाव अजून सासरच्या रेशनकार्डावर आहे. तिथून ते कमी झाल्याचा दाखला आल्याशिवाय आईच्या कार्डावर चढत नाही आणि सासरचे लोक कार्ड दाखवायला तयार नाहीत. मग पुरवठा कार्यालयात अर्ज, तिथल्या कारकुनाशी तीन-चारदा बोलणं, तिला सोबत नेणं, आणि पुढच्या खेपेला ती एकटी जाईल एवढी तिची तयारी करून घेणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं आणि अभ्यासक्रमात शिकवतात ते मुख्यतः तेच.

म्हणून अर्ज भरण्याआधी किमान पंधरा दिवस जवळच्या एखाद्या संस्थेत, बालगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. मोठं काम मागू नका. ओळी लावायला, फॉर्म भरून द्यायला, मुलांचा अभ्यास घ्यायला मदत करा. त्या दिवसांत स्वतःकडे लक्ष ठेवा. समोरचा माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतो तेव्हा ऐकवतं का? सरकारी कचेरीत दोन तास थांबून काम न होता परत यावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी जाण्याचं बळ उरतं का? आपण सांगितलेला शहाणपणाचा सल्ला समोरच्याने ऐकला नाही, तर राग येतो का? राग येणारच, तो आल्यावर आपण काय करतो हे बघा. पंधरा दिवसांनंतरही जावंसं वाटलं तर खुशाल अर्ज भरा.

बीएसडब्ल्यू की थेट एमएसडब्ल्यू?

बारावीनंतर कोणत्याही शाखेतून बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, जाता येतं. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, चार सत्रांचं असतं आणि त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. माझ्याकडे बीकॉम, बीएससी, नर्सिंग, इंजिनिअरिंग करून आलेली मुलं होती आणि त्यांचं काही अडलं नाही. उलट नर्सिंग केलेल्या मुलीला वॉर्डाची भाषा आधीच येत होती, बीकॉमवाल्याने बचतगटाच्या वह्या एका दिवसात लावून दिल्या.

बारावीलाच ठाम ठरलेलं असेल आणि गावाजवळ चांगलं कॉलेज असेल तर बीएसडब्ल्यू जरूर करा, कारण फील्डवर्कची तीन वर्षं जास्तीची मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा. रुग्णालय, समुपदेशन, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग आणि बहुतेक प्रकल्पांतल्या बऱ्या जागांना एमएसडब्ल्यूच मागतात. बीएसडब्ल्यूवर थांबलात तर कार्यकर्ता किंवा आउटरीच वर्कर (वस्तीत फिरून काम करणारा) या पातळीवर बराच काळ राहावं लागतं.

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) दूरशिक्षणाचं बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू आहे. त्यालाही फील्डवर्क आहे आणि ते मनापासून केलं तर पदवी कमी प्रतीची ठरत नाही. आधीपासून संस्थेत काम करणाऱ्यांना मी ते सुचवते. कोऱ्या पाटीने येणाऱ्याने मात्र शक्य असेल तर नियमित कॉलेजच घ्यावं.

कॉलेज निवडताना

भारतातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज मुंबईतच सुरू झालं. १९३६ साली, नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने. १९४४ मध्ये त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, म्हणजे आजचं देवनारचं टिस. तिची एक शाखा धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे आणि ग्रामीण कामाची ओढ असणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून. नागपूरला मातृ सेवा संघाचं आणि तिरपुडे कॉलेज, अहिल्यानगरला सीएसआरडी आणि कोल्हापुरात सायबर या संस्था. शिवाय जळगाव, धुळे आणि विदर्भातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं आहेत. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. अनुदानित कॉलेजात फी बरीच कमी असते, म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न तोच ठेवा : अनुदानित की विनाअनुदानित?

टिससाठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज पदवीचं शेवटचं वर्ष चालू असतानाच, हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. निकाल लागल्यावर जागे झालात तर ते वर्ष गेलं. इतर कॉलेजांची प्रक्रिया विद्यापीठागणिक बदलते. कुठे लेखी परीक्षा, कुठे गटचर्चा, कुठे फक्त मुलाखत. मुलाखतीत "मला गरिबांची सेवा करायची आहे" हे वाक्य दिवसभरात चाळीस जण म्हणतात. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतली, गावातली एखादी गोष्ट नीट बघून आला असाल तर ती सांगा. एक मुलगा म्हणाला होता, "आमच्या गावात ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात आणि उन्हाळ्यात परत येतात. पाचवीपर्यंत हे चालतं, मग ती शाळेत परत येतच नाहीत." पुढे त्याने उपाय वगैरे काही सांगितला नाही. त्याला प्रवेश मिळाला.

आता कॉलेज पारखायचं कसं? इमारत आणि वेबसाइट पाहून काही कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा, कॅन्टीनमध्ये चहा पाजा आणि विचारा : फील्डवर्कसाठी कुठल्या एजन्सी, म्हणजे काम करायच्या संस्था, मिळतात? एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी आहेत? आयसी, म्हणजे एकट्या विद्यार्थ्याबरोबरची चर्चा, खरोखर दर आठवड्याला होते की फक्त रजिस्टरवर सही होते? रिपोर्ट तपासून परत येतात का, आणि आलेल्या रिपोर्टावर काही लिहिलेलं असतं का? एखाद्याने आपली फील्डवर्क फाइल दाखवली तर ती उघडा. समासात शेरे, प्रश्न, खुणा असतील तर ते कॉलेज चांगलं आहे. पानापानावर नुसती "पाहिले" आणि सही असेल तर दुसरं कॉलेज शोधा. माझा या परीक्षेवर इतका विश्वास आहे की नावाजलेल्या कॉलेजपेक्षा समासात शेरे असणारं तालुक्याचं कॉलेज मी आधी सुचवेन.

पैशाची अडचण असेल तर प्रवेशाबरोबरच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, ही कागदं उन्हाळ्यातच तयार ठेवा. जुलैमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात.

फील्डवर्क : खरं शिक्षण इथे आहे

आठवड्यातले साधारण दोन दिवस तुम्ही वर्गात नसता. वस्ती, रुग्णालय, शाळा, न्यायालय, बालगृह, पंचायत समिती, असं कुठेतरी तुमची नेमणूक झालेली असते. तिथे एजन्सी सुपरवायझर असतो, कॉलेजात फॅकल्टी सुपरवायझर. प्रत्येक भेटीचा रिपोर्ट लिहायचा, त्यावर आयसीमध्ये बोलायचं. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यासदौरा आणि शेवटी महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काम. केसवर्क (एकेका व्यक्तीबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं), कम्युनिटी ऑर्गनायझेशन (वस्तीला संघटित करणं) हे शब्द वर्गात पाठ होतात आणि इथे वापरले जातात.

पहिले दोन महिने फार वाईट जातात. एजन्सीत कोणाला वेळ नसतो, तुम्हाला खुर्ची नसते, दिवसभर काय करायचं कळत नाही. याच काळात मुलं कंटाळून घरी बसून रिपोर्ट लिहायला लागतात. तसं अजिबात करू नका. खुर्ची नसेल तर ओपीडीच्या बाकावर बसा. कोण येतं, कोणाबरोबर येतं, कागद कुठे हरवतात, कोणत्या खिडकीवर लोक परत पाठवले जातात, हे टिपा. तो तुमचा पहिला रिपोर्ट.

रिपोर्टविषयी जरा खोलात सांगते, कारण या व्यवसायात हात तयार होतो तो तिथेच. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी क्षयरोगाच्या रुग्णाला भेटून आली आणि तिने लिहिलं : "रुग्ण औषधे नियमित घेत नाही. प्रेरणेचा अभाव आहे. औषधांचे महत्त्व पटवून दिले." तीन वाक्यं. मी समासात विचारलं, "प्रेरणेचा अभाव आहे हे तुला कोणी सांगितलं? त्याने? डॉक्टरने? की तुला वाटलं?" ती पुन्हा गेली, या वेळी त्याच्या दिवसभराचं वेळापत्रक विचारून आली. तो भाजी मार्केटात हमाली करतो. रात्री अडीचला उठतो, तीनला मार्केटात. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं आणि पोती उचलता येत नाहीत. सकाळी अकराला खोलीवर येतो आणि झोपतो. आरोग्य केंद्रात गोळ्या मिळण्याची वेळ नेमकी याच्या कामाची आणि झोपेची. क्षयरुग्णांना पोषणासाठी सरकारकडून दरमहा पैसे मिळतात, तेही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते, कारण गावच्या बँकेतलं खातं वापर नसल्याने बंद पडलं होतं.

हे सगळं तिने तसंच लिहिलं, वेळा घालून, त्याच्या शब्दांत. मग रस्ता आपोआप दिसला. मार्केटातला चहावाला पहाटे साडेचारला त्याला चहा-पाव देतो. गोळ्या त्याच्याकडे ठेवाव्यात आणि त्याच्यासमोर घ्याव्यात, हे रुग्णानेच सुचवलं. आजार चहावाल्याला कळलेला चालेल का, हे तिने त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "त्याला माहीतच आहे, खोकताना तोच तर पाणी देतो." आरोग्य कर्मचाऱ्याने चहावाल्याला उपचार साहाय्यक म्हणून नोंदवून घेतलं. बँकेत नवं खातं काढायला ती त्याच्याबरोबर गेली. यात भाषण कुठेच नव्हतं. पहिल्या रिपोर्टातलं "महत्त्व पटवून दिले" हे वाक्य मुळातच निरुपयोगी होतं, कारण महत्त्व त्याला पटलेलंच होतं.

तर रिपोर्ट लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : तुम्ही काय पाहिलं-ऐकलं, तुम्हाला त्यावरून काय वाटतं, आणि तुम्ही काय केलं. माणसाचे शब्द त्याच्याच बोलीत लिहा. "ती मानसिक तणावात होती" याऐवजी "ती पदराची गाठ सारखी सोडत-बांधत होती, दोनदा म्हणाली, 'आता घरी गेले की ते मारणार'". त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या रिपोर्टात माणूस उरत नाही. रुग्णाचं, मुलाचं खरं नाव फाइलमध्ये घालू नका, मोबाइलवर फोटो काढू नका आणि केसविषयी व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही लिहू नका.

गुप्ततेला एक मोठा अपवाद पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका. "तू सुरक्षित राहावंस म्हणून मला हे ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, पण तुला आधी सांगून" असं म्हणा. विद्यार्थ्याने एकट्याने काही करायचं नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला सुपरवायझरला गाठायचं.

आणखी एक. वस्तीतल्या लोकांना तुमच्या दोन दिवसांची सवय होते आणि सत्र संपलं की तुम्ही निघून जाता. पहिल्याच भेटीत सांगा की मी विद्यार्थी आहे, मार्चपर्यंत आहे. शेवटच्या महिन्यात पुन्हा आठवण करून द्या आणि अपुरं काम कोणाकडे सोपवलं ते नावानिशी सांगून या. निरोप न घेता गेलेल्या विद्यार्थ्यांची किंमत पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. "मागची पण असंच बोलून गेली" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांचा काही दोष नव्हता.

लघुप्रबंधाबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमातल्या छोट्या संशोधनाबद्दल, थोडकंच : विषय फील्डवर्कमधूनच घ्या, नमुना लहान ठेवा आणि प्रश्नावली भरून घेण्याआधी दहा माणसांशी मोकळ्या गप्पा मारा.

विशेषीकरण आणि त्यापुढची दारं

बहुतेक कॉलेजांत वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्य, कुटुंब व बालकल्याण, ग्रामीण-नागरी-आदिवासी समुदाय विकास आणि मनुष्यबळ व्यवस्थापन असे गट असतात. टिसमध्ये याहून जास्त फाटे आहेत, गुन्हेगारी व न्याय किंवा दलित-आदिवासी अभ्यास असेही. पहिल्या वर्षी शक्य असेल तर एकदा संस्था आणि एकदा खुली वस्ती असं दोन्हीकडे फील्डवर्क मागून घ्या, मग ठरवा. मैत्रिणीने घेतलं म्हणून विशेषीकरण घेतलेली मुलं ब्लॉक प्लेसमेंटला रडतात.

रुग्णालय हे माझं क्षेत्र, म्हणून त्याबद्दल जरा जास्त. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) ही पदं असतात. खासगी धर्मादाय रुग्णालयांतही आम्ही लागतो, कारण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखालच्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्या खाटेसाठी कोण पात्र, कोणते कागद, तहसीलदाराचा दाखला येईपर्यंत काय करायचं, हे सोशल वर्कर बघते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर आरोग्यमित्राशी (रुग्णालयातला त्या योजनेचा मदतनीस) बोलून ते मार्गी लावायचं. पण दिवसाचा अर्धा वेळ कागदांपलीकडच्या कामात जातो : पाय कापावा लागणार हे नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगणं, बेवारस रुग्णाचं गाव शोधणं, बाळंतिणीला घरी कोण नेणार ते पाहणं. अवयवदान समन्वयक हीदेखील आमच्यातल्या अनेकांची वाट आहे. एड्स नियंत्रणाच्या चाचणी व समुपदेशन केंद्रांतही एमएसडब्ल्यू झालेले समुपदेशक असतात, बहुतांशी कंत्राटी.

मनोरुग्ण समाजकार्यात पुढे जायचं असेल तर एमएसडब्ल्यूवर थांबून चालत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्ण समाजकार्यकर्त्याची जी व्याख्या केली आहे तीत एमएसडब्ल्यूच्या वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल सांगितलं आहे. बंगळूरचं निम्हान्स, रांचीची सीआयपी आणि तेजपूरची संस्था या मानसिक आरोग्याच्या संस्था त्यासाठी नावाजलेल्या आहेत. इतर विषयांतलं एमफिल विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) बंद केलं आहे, त्यामुळे तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षी या अभ्यासक्रमाचं स्वरूप काय आहे ते त्या संस्थेच्या माहितीपत्रकात आधी वाचा. नुसतं एमएसडब्ल्यू करून दारावर "सायकॉलॉजिस्ट" अशी पाटी लावणारे दिसतात. ते चूक आहे, रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचंही आहे.

बालसंरक्षणात काम करायचं तर २०१५ चा बाल न्याय कायदा कोळून प्यावा लागतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जोडीला दोन समाजकार्यकर्ते बसतात, पण त्यासाठी अनुभव लागतो, ती पहिली नोकरी नव्हे. मंडळापुढे आणलेल्या मुलाचा सामाजिक तपास अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत द्यायचा असतो. त्यात तुमची एखादी ओळ त्या मुलाला घरी पाठवते किंवा निरीक्षणगृहात ठेवते. वर रिपोर्टबद्दल एवढं लांबण का लावलं ते इथे कळेल. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनसुद्धा १९९६ मध्ये मुंबईत टिसच्या क्षेत्रीय प्रकल्पातून उभी राहिली होती, आज ती सरकारच चालवतं.

महिलांसाठीच्या कामाची एक मोठी वाट महाराष्ट्राने देशाला दाखवली. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टिसने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे पोलिसांच्या छताखाली, पण सोशल वर्करने चालवलेला. आज असे कक्ष राज्यभर आहेत. त्याशिवाय कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, हिंसा सोसणाऱ्या महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक. इथे काम करायचं तर कायद्याची कलमं तोंडपाठ हवीत आणि "तडजोड करून घे" हे शब्द तोंडातून काढून टाकायला हवेत.

गावात, पाड्यावर काम करायचं असेल तर उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), पाणलोट आणि आरोग्याचे प्रकल्प, गडचिरोलीची सर्च ही आरोग्य संस्था, जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प अशी ठिकाणं आहेत. मोटरसायकल चालवता यायला हवी, मुलींनाही. गोंडी, कोरकू, भिली यांपैकी एखादी बोली थोडी जरी शिकलात तरी तुमच्याशी लोक वेगळ्या तऱ्हेने बोलतात. शिक्षण संपल्यावर एक-दोन वर्षं फेलोशिप करून मग नोकरी शोधणं हा मला पटलेला मार्ग आहे.

कंपन्यांकडे दोन दारं आहेत. एक सीएसआरचं : २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली, त्यातून या नोकऱ्या आल्या. इथे एक्सेल, प्रस्ताव-लेखन आणि इंग्रजी लागतं. ते एमएसडब्ल्यूच्या वर्गात फारसं शिकवत नाहीत, स्वतः शिका. दुसरं कामगार कल्याण अधिकाऱ्याचं, जे मोठ्या कारखान्यांना कायद्याने नेमावेच लागतात. नुसतं एचआरमध्येच जायचं ठरलेलं असेल तर प्रामाणिकपणे सांगते, कामगार अभ्यासाचा किंवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्या आणि समाजकार्याची जागा ज्याला हवी आहे त्याला राहू द्या.

शिकवायचं असेल तर समाजकार्य विषयात प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी लागते : देशपातळीवरची नेट, किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट. त्याआधी चार-पाच वर्षं काम करा. ज्याने स्वतः होम व्हिजिट केलेली नाही तो समासात शेरे काय लिहिणार?

परदेशात जायची इच्छा असणाऱ्यांनी फील्डवर्कचे तास, एजन्सीची पत्रं आणि अभ्यासक्रमाची प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात सोशल वर्करच्या नोकरीसाठी पदवी आणि फील्डवर्क तपासून घ्यावं लागतं आणि दहा वर्षांनी कॉलेजात जुनी रजिस्टरं शोधायला लागणं फार त्रासाचं असतं. आपल्याकडे डॉक्टर-नर्ससारखी देशपातळीवरची समाजकार्य परिषद आणि नोंदणी अजून नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण आज कोणीही स्वतःला सोशल वर्कर म्हणवतं.

पहिली नोकरी घेताना

त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर : नोकरी लागते, पण सुरुवातीचा पगार कमी असतो आणि बऱ्याच जागा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. कायम सरकारी पदांच्या जाहिराती एमपीएससी, महिला व बालविकास, सामाजिक न्याय, आरोग्य विभाग आणि महापालिका यांच्याकडून येतात, कधी वर्षानुवर्षं येत नाहीत. त्यांचा अभ्यास काम करता करताच करावा. कर्ज काढून महागड्या विनाअनुदानित कॉलेजात जाण्याआधी हा हिशेब घरात बसून मांडा.

नेमणूकपत्र लेखी घ्या. त्यात पगार, कालावधी, भविष्यनिर्वाह निधी, प्रवासखर्च आणि सुट्ट्या लिहिलेल्या हव्यात. माझ्या पहिल्या नोकरीत प्रवासखर्च तोंडी ठरला होता. पाच महिने मी बसची तिकिटं वहीत चिकटवत राहिले, शेवटी प्रकल्प संपला आणि वही माझ्याकडेच राहिली. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा : प्रकल्पाचे पैसे कधीपर्यंत आहेत? माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेलं? अवघड केस आली तर मी कोणाशी बोलू?

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. "इथे सगळे अनुभवी आहेत, तुम्हीच बघाल" असं उत्तर आलं तर कॉलेजातल्या सुपरवायझरला फोन करून महिन्यातून एकदा भेटायची वेळ ठरवून घ्या आणि नंतरच रुजू व्हा. आम्ही नाही म्हणत नाही. माझ्याकडे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चौघी जुन्या विद्यार्थिनी येतात, डबा घेऊन आणि वह्या घेऊन. आधी जेवण होतं, मग एकेक वही उघडते.